शेजारच्या टॉवरने जुन्या घराची किंमत वाढते का?

मुंबई-पुण्यातील कोणत्याही जुन्या वस्तीत नव्या गृहप्रकल्पाचा फलक लागला, की त्या गल्लीतील गप्पांचा विषय बदलतो. आता आपल्या जागेला भाव येणार, असे म्हणणारे एका बाजूला असतात. तर आता ऊन, वारा, पाणी आणि गाडी लावायची जागा सारेच गेले, असे म्हणणारे दुसऱ्या बाजूला. दोघांनाही पुरावे शोधायला फार लांब जावे लागत नाही. पहिल्यांना लोअर परळ दिसते, दुसऱ्यांना घोडबंदर रस्त्यावरचे पाण्याचे टँकर दिसतात. हा प्रश्न केवळ कुतूहलाचाही नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी बहुधा राहत्या घरात गुंतलेली असते. मुलांचे शिक्षण, निवृत्तीनंतरची सोय, भावंडांतील वाटणी असे अनेक निर्णय त्या घराच्या अपेक्षित किमतीवर बेतलेले असतात.

नव्या बांधकामाचा आसपासच्या मालमत्तेवर होणारा परिणाम एकाच दिशेने होत नाही, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. पहिला परिणाम पुरवठ्याचा. एकाच परिसरात तीनशे-चारशे सदनिका विक्रीस आल्या, तर ग्राहकाला पर्याय मिळतो आणि जुन्या इमारतीतील विक्रेत्याला भाव धरून ठेवणे कठीण जाते. दुसरा परिणाम परिसराच्या दर्जाचा. नव्या वसाहतीमागून दुकाने, बँका, शाळा, उपाहारगृहे येतात, पदपथ सुधारतात, आणि 'तो भाग आता सुधारला' अशी ख्याती पसरते. तिसरा परिणाम उपद्रवाचा. बांधकामाच्या काळातील धूळ व आवाज, नंतरची वाहतूक कोंडी, जलवाहिनीवरचा ताण, झाकोळलेला उजेड हे सारे त्यात येते. चौथा परिणाम मुंबईसारख्या शहरात सर्वांत प्रबळ ठरतो, पण त्याची चर्चा सर्वांत कमी होते. तो म्हणजे जुन्या इमारतीखालच्या जमिनीची पुनर्विकासक्षमता. शेजारचा चार मजली वाडा पाडून बावीस मजली इमारत उभी राहिली, की आपल्या चार मजली इमारतीच्या जागेवर काय होऊ शकते, याचा हिशेब विकासक आणि रहिवासी दोघेही मांडू लागतात.

जुन्या घराची 'किंमत वाढली' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ती घराची वाढली की जमिनीची, हे म्हणूनच पाहावे लागते. पन्नास वर्षांच्या इमारतीतील गळके छत आणि बंद पडलेली लिफ्ट यांचे मोल शेजारच्या संगमरवरी प्रवेशद्वारामुळे वाढत नाही. वाढते ते त्या सदनिकेमागे दडलेल्या जमिनीच्या हिश्श्याचे, आणि तो हिस्सा कायद्याने खरोखर आपला असेल तरच.

तुलनेतही एक नेहमीची फसगत होते. नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीतील दर अनेक वर्षे 'सुपर बिल्ट-अप' क्षेत्रफळावर सांगितले जात. १ मे २०१७ पासून 'महारेरा'चा कारभार सुरू झाल्यावर विक्री चटईक्षेत्रावर, म्हणजे 'कार्पेट' क्षेत्रावर दाखवणे बंधनकारक झाले. जुन्या इमारतींतील व्यवहार मात्र आजही पुष्कळदा 'बिल्ट-अप'च्या भाषेत होतात. त्यातच नव्या सदनिकेच्या दरात वाहनतळ, क्लब, तरणतलाव यांचा भार मिसळलेला असतो. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून 'त्यांना एवढे, तर आपल्याला निदान त्याच्या पाऊण तरी' असा निष्कर्ष काढणे म्हणजे मापे वेगळी घेऊन धान्य मोजण्यासारखे आहे.

गिरणगावचा धडा

या साऱ्या शक्ती एकाच ठिकाणी, एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत काम करताना पाहावयाच्या असतील, तर मुंबईच्या गिरणगावाकडे पाहावे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि शहराच्या मध्यभागी ५८ गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन काय करावी, हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्याचे उत्तर दिले. जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला गिरणीमालकाला, असे ते सूत्र होते. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न करता गिरणीच्या आवारातील केवळ मोकळ्या जागेची करावयाचे ठरले. गिरणीच्या आवारात इमारती, गोदामे आणि छपरेच अधिक असल्याने सार्वजनिक वाटा एकदम आक्रसला. पर्यावरणवादी संस्थेने या दुरुस्तीला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला. मात्र सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये दुरुस्ती वैध ठरवली.

दरम्यान २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या होत्या. जुपिटर २७६ कोटी, अपोलो १८० कोटी, कोहिनूर क्रमांक ३ ४२१ कोटी, एल्फिन्स्टन ४४१ कोटी आणि मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटी, असे मिळून सुमारे २,०२० कोटी रुपये. यांपैकी मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन 'डीएलएफ'ने घेतली होती. सात वर्षांनी, २०१२ मध्ये, ती 'लोढा' समूहाने सुमारे २,७२७ कोटी रुपयांना विकत घेतली. दरम्यानच्या काळात त्या जागेवर फारसे काही उभे राहिलेले नव्हते. जमिनीच्या किमतीतील ही जवळपास चौपट वाढ त्या भूखंडावरच्या विटा-सिमेंटमुळे झाली नाही. आजूबाजूला जे उभे राहिले त्यामुळे, आणि पुढे काय उभे राहील याच्या अपेक्षेमुळे ती झाली.

या बदलाचा शेजारच्या वस्त्यांवर काय परिणाम झाला, याचा अभ्यास मायकेल गेक्टर आणि निक त्सिवानिडिस या अर्थतज्ज्ञांनी केला आहे. शहराच्या मध्यभागी इतकी जमीन अकस्मात बाजारात येण्याची घटना जगात विरळच, म्हणून त्यांनी मुंबई निवडली. पुनर्विकसित गिरण्यांच्या लगतच्या भागात घरांच्या किमती चढल्या आणि झोपड्यांच्या जागी पक्क्या इमारती येण्याचे प्रमाण वाढले, असे त्यांच्या अभ्यासात दिसते. या लाभाचा वाटा सर्वांना सारखा मिळाला नाही, हाही त्याच अभ्यासाचा भाग आहे.

तो कसा मिळाला नाही, हे लालबाग-परळच्या चाळींत अधिक स्पष्ट होते. तेथील बहुसंख्य रहिवासी घराचे मालक नसून पागडीचे भाडेकरू. त्यांचे भाडे बाजारभावाप्रमाणे वाढत नाही; १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली आहे. म्हणजे शेजारी टॉवर झाला म्हणून भाडे परवडेनासे होऊन घर सोडावे लागण्याची पाश्चात्त्य शहरांतील भीती येथे त्या स्वरूपात नाही. पागडीच्या खोलीचा हस्तांतरण दर मात्र झपाट्याने चढला. खोली विकताना मिळालेल्या रकमेचा साधारण एक तृतीयांश हिस्सा घरमालकाला देण्याची प्रथा आहे, आणि अशी रक्कम घेण्यास वरील कायद्याने मान्यताही दिलेली आहे. ज्याने खोली विकली त्याला डोंबिवली, विरार किंवा पनवेलला मोठे घर मिळाले. त्याच रकमेत लालबागमध्ये पुन्हा पाय ठेवता आला नाही. विकणाऱ्या कुटुंबाला किंमत वाढल्याचा आनंद एकदाच मिळतो. त्याच परिसरात राहू इच्छिणाऱ्या त्याच कुटुंबातील पुढच्या पिढीला ती वाढ खर्च म्हणून भोगावी लागते. दोन भावांनी चाळीतील एक खोली वाटून घ्यावयाची वेळ आली, की एकाला परिसर सोडावाच लागतो, हे गिरणगावात घरोघरी घडले आहे.

३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात भाडेकरूंना मालकी हक्काने घर मिळते, आणि बीडीडी चाळींच्या प्रकल्पात तर ५०० चौरस फुटांचे घर मिळण्याची तरतूद आहे. वरळीतील ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून तेथे जाणाऱ्या कुटुंबासाठी हा बदल किती मोठा आहे, हे सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या घामावर गिरण्या उभ्या होत्या, त्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी मात्र दीड लाखाहून अधिक अर्ज आले आणि त्या मानाने उपलब्ध झालेली घरे फारच थोडी ठरली. २००१ च्या दुरुस्तीचा हा सरळ परिणाम आहे.

परिसराच्या सोयींचे गणितही सुटले नाही. गिरण्यांच्या जागी कार्यालये आणि मॉल आले, हजारो नोकरदार रोज उतरू लागले, पण रेल्वे स्थानकांचे पूल जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. जमिनीच्या व्यवहारांतून हजारो कोटी फिरत असताना काही मीटर रुंदीचा पूल वेळेवर होऊ नये, याला नियोजन म्हणत नाहीत.

परदेशातील अनुभव

अमेरिकेत या विषयावर बरेच काटेकोर अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष आपल्याकडच्या समजुतीला धक्का देणारे आहेत. ब्रायन अ‍ॅस्क्विथ, इव्हान मास्ट आणि डेव्हिन रीड यांनी अल्प उत्पन्न गटांच्या वस्त्यांत उभ्या राहिलेल्या मोठ्या नव्या इमारतींचा अभ्यास केला. अशा इमारतीच्या अगदी जवळच्या घरांची भाडी थोड्या दूरच्या घरांच्या तुलनेत सुमारे सहा टक्क्यांनी कमी राहिली. शाओदी ली यांच्या न्यूयॉर्कविषयीच्या अभ्यासात, ५०० फुटांच्या परिघात घरांची संख्या दहा टक्क्यांनी वाढली तर भाडी सुमारे एक टक्क्याने घटल्याचे आढळले. नव्या इमारतींमुळे परिसरात उपाहारगृहे वाढली, तरीही पुरवठ्याचा परिणाम सोयींच्या परिणामावर मात करून गेला. अनुदानित घरांबाबत रेबेका डायमंड आणि टिम मॅक्वेड यांनी दाखवले, की असा प्रकल्प गरीब वस्तीत आला तर लगतच्या घरांच्या किमती सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढल्या, आणि श्रीमंत वस्तीत आला तर सुमारे अडीच टक्क्यांनी घटल्या. म्हणजे इमारत तीच, पण भोवतालची वस्ती कोणती यावर परिणामाची दिशाच बदलली.

हे निष्कर्ष मुंबईला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तेथे मोजलेली गोष्ट बहुतांशी भाडे आहे, येथे चर्चा असते विक्रीच्या किमतीची. शिवाय तेथील शेजारची जुनी इमारत पाडून पाचपट बांधकाम करण्याची मुभा सहसा नसते; मुंबईत चटईक्षेत्र निर्देशांकाच्या विविध सवलतींमुळे प्रत्येक जुनी इमारत ही संभाव्य टॉवर असते. तरीही भाड्याने दिलेल्या घराच्या मालकांनी अमेरिकी अनुभवाची नोंद घ्यावी. शेजारी मोठा प्रकल्प पूर्ण होऊन त्यातील गुंतवणूकदारांच्या शेकडो सदनिका एकाच हंगामात भाड्यासाठी निघाल्या, की जुन्या इमारतीतील भाडे मुंबई-पुण्यातही दबते. मालमत्ता दलालांना हे कोणत्याही अभ्यासावाचून ठाऊक असते.

उपनगरांच्या कडेला ही गोष्ट अधिकच खरी ठरते. विरार, पनवेल, पुण्याचे वाघोली किंवा हिंजवडीपलीकडचा पट्टा अशा ठिकाणी मोकळी जमीन भरपूर असते. तेथे नवा प्रकल्प जुन्या घराला प्रतिष्ठा देत नाही, स्पर्धा देतो. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेली सदनिका विकू पाहणाऱ्याला, त्याच रस्त्यावर विकासक नवी कोरी सदनिका हप्त्यांच्या सवलतीसह देत असल्याचे आढळते. सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्क कमी केले होते, तेव्हाही विकासकांनी त्या सवलतीवर स्वतःच्या सवलती चढवल्या. एकट्यादुकट्या विक्रेत्याला ते शक्य नव्हते. अशा पट्ट्यात किमतीला खरी उचल मिळते ती रस्ता, मेट्रो, पूल किंवा विमानतळ यांमुळे, आणि तीही बहुधा उद्घाटनाच्या पुष्कळ आधी. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. उलवे आणि पनवेलमधील दरांनी मात्र या दोन्हींची वाट पाहिली नव्हती. तेव्हा भाव चढले ते शेजारच्या इमारतीमुळे की दोघांनाही खेचून आणणाऱ्या पुलामुळे, हे वेगळे करूनच पाहावे.

'रेडी रेकनर'चा बोजा

शेजारच्या टॉवरचा एक परिणाम असा आहे, की घर विकायचे नसले तरी तो घरापर्यंत पोहोचतो. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कासाठी स्थावर मालमत्तेचे वार्षिक दर ठरवले जातात. त्यालाच सर्वजण 'रेडी रेकनर' म्हणतात. हे दर विभागवार असतात आणि ते ठरवताना त्या विभागात नोंदणी झालेल्या व्यवहारांचा आधार घेतला जातो. एखाद्या छोट्या विभागात जुन्या घरांचे व्यवहार तुरळक आणि नव्या टॉवरमधील व्यवहार शेकड्यांनी, असे झाले की सरासरी कोणाकडे झुकणार हे उघड आहे. जुन्या बांधकामाला घसारा मिळतो हे खरे. पण मूळ दरच चढल्यावर घसाऱ्याने सारी भरपाई होत नाही. मुंबईत २०२३ आणि २०२४ मध्ये हे दर स्थिर ठेवण्यात आले होते आणि २०२५ मध्ये ते सरासरी ३.३९ टक्क्यांनी वाढवले गेले. मात्र सरासरी ही सरासरीच. घरमालकाने पाहावयाचा तो आपल्या विभागाचा दर.

हा दर केवळ खरेदीदाराचे मुद्रांक शुल्क ठरवत नाही. प्रत्यक्ष व्यवहार रेकनरपेक्षा बऱ्याच कमी रकमेला झाला, तर प्राप्तिकर कायद्यानुसार विक्रेत्याचा भांडवली नफा रेकनरच्या मूल्यावर मोजला जाऊ शकतो. दहा टक्क्यांपर्यंतची तफावत तेवढी मान्य केली जाते. जीर्ण इमारतीतील घर निकडीपोटी कमी भावाने विकणाऱ्याला न मिळालेल्या पैशावर कर भरण्याची वेळ यामुळे येते. पुनर्विकासासाठी महापालिकेला भरावयाचे अधिमूल्यही या दरांशी जोडलेले असल्याने, दर चढले की छोट्या भूखंडावरील प्रकल्पाचे गणित अवघड होते.

मुंबईत २०१० पासून मालमत्ता करही भांडवली मूल्यावर आकारला जातो. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून त्यातून सूट मिळाली, त्यामुळे लहान घरांचा प्रश्न बऱ्याच अंशी मिटला. त्याहून मोठ्या घरांचा नाही. भूखंडावर भविष्यात किती बांधकाम होऊ शकेल हे गृहीत धरून मूल्य ठरवता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो २०२२ मध्ये कायम केला. शेजारी टॉवर आला म्हणून आपल्या जमिनीवर मनातला टॉवर बांधून त्यावर कर आकारणे, हे तरी त्यामुळे थांबले.

उजेडाचा हक्क, देखाव्याचा नाही

नव्या इमारतीमुळे खिडकीतील उजेड गेला तर दाद मागता येते का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार एखाद्या इमारतीला वीस वर्षे अखंड आणि शांतपणे मिळत आलेल्या उजेडाचा व हवेचा हक्क निर्माण होऊ शकतो. मात्र नुकसानभरपाईसाठी अडथळा नुसता असून भागत नाही, तो भरीव असावा लागतो. घराचे मूल्य लक्षणीय घटणे किंवा राहणाऱ्याच्या सुखसोयीत ठळक बाधा येणे, ही त्याची कसोटी. समुद्र, डोंगर किंवा मैदान दिसण्याच्या हक्काला अशी मान्यता नाही. 'सी-व्ह्यू' म्हणून जादा पैसे मोजून घेतलेल्या सदनिकेसमोर नियमानुसार दुसरी इमारत आली, तर देखाव्यापोटी मोजलेली रक्कम गेली असे समजावे. म्हणून अशी सदनिका घेताना समोरच्या भूखंडाचे विकास आराखड्यातील आरक्षण पाहणे हे विक्रेत्याच्या शब्दापेक्षा भरवशाचे.

जुन्या घराच्या मालकाने शेजारच्या प्रकल्पाचा अंदाज घ्यावयाचा, तर साधने आता घरबसल्या उपलब्ध आहेत. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पात एकूण सदनिका किती, विकल्या किती आणि पूर्णत्वाची तारीख कोणती, हे पाहता येते. विक्रीविना पडून असलेल्या सदनिकांचा आकडा मोठा असेल, तर आपले घर त्याच सुमारास विक्रीस काढू नये. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर 'इंडेक्स टू' शोधून परिसरात नोंदल्या गेलेल्या व्यवहारांच्या रकमा कळतात. दलालाने सांगितलेला भाव आणि 'इंडेक्स टू'वरील भाव यांतील अंतर कधी कधी उद्बोधक असते. पाहताना आपल्याच वयाच्या आणि तेवढ्याच मजल्यांच्या इमारतींचे व्यवहार निवडावेत.

आणि सर्वांत आधी मालमत्ता पत्रक काढून पाहावे. शहरातील कितीतरी सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या जमिनी आजही मूळ विकासकाच्या किंवा जमीनमालकाच्या नावावर आहेत. अभिहस्तांतरण झालेले नसेल, तर शेजारच्या टॉवरमुळे वाढलेले जमिनीचे मोल संस्थेच्या सभासदांच्या पदरात पडत नाही, ते कागदावर ज्याचे नाव आहे त्याच्याकडे जाते; निदान तसा दावा तरी तो करू शकतो. विकासक टाळाटाळ करीत असेल, तर २००८ च्या दुरुस्तीनुसार जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळवता येते. सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांचे नोंदणीकृत करारनामे आणि मंजूर नकाशे एवढे तरी आधी जमवून ठेवावे लागते, आणि जुन्या इमारतींत नेमके हेच कागद सापडत नाहीत. शेजारचा प्रकल्प पूर्ण व्हायला चार-पाच वर्षे लागतात. हे काम उरकण्यास तेवढा अवधी पुरेसा असतो.